बायनाबाईची सोबतीण

२ डिसेंबर, सोमवार

ही वही मी मराठीत लिहिणार आहे. घरी आम्ही हिंदी बोलतो, अम्मी उर्दू वाचते, आणि मराठी तिला दुकानाच्या पाट्यांपुरतीच येते. नागपूरला सासरी होते तेव्हाची वही हिंदीत होती. ती सगळ्यांनी वाचली. मग लिहिणंच सोडलं. सात वर्षांनी वडशाला परत आले, दोन वर्षं अम्मीच्या मशीनवर ब्लाउज शिवले, आणि आज छत्तिसाव्या वर्षी पहिली नोकरी लागली. म्हणून पुन्हा वही.

नोकरीचं नाव 'सोबतीण'. माधवीताईंची संस्था गडचिरोलीला आहे. ज्या बायांना गावानं 'करणी करते' म्हणून मारलं, हाकललं, त्यांतल्या ज्या अजून आहेत, म्हाताऱ्या आणि एकट्या आहेत, त्यांच्या घरी रोज चार तास जायचं. आंघोळ, गोळ्या, स्वयंपाक, दवाखाना, आणि बोलणं. दोन जिल्ह्यांत मिळून अशा अकरा जणी सापडल्या आहेत. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी ताई म्हणाल्या होत्या, "ती सांगेपर्यंत विचारायचं नाही. आणि तिनं सांगितलेलं तिच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही." मी मान डोलावली. एवढं तर कोणालाही कळतं.

माझ्या वाट्याला बायनाबाई आली. वय शहात्तर. राईस मिलच्या मागच्या गल्लीत श्रीहरीभाऊंच्या चाळीतली शेवटची खोली. मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, "कोण पायजे?" नाव सांगितलं, संस्थेचं सांगितलं, कार्ड जाळीतून दाखवलं. तरी वीस मिनिटं मी उन्हात उभी. शेजारची रुखमाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ते अशीच हाय. पाच वर्षं झाले, कोणाच्या घरी चहाले नाई येत."

शेवटी दार उघडलं. बाई लहानखुरी, काळीसावळी, तोंडावर पदर. मी बसले तशी तिनं आपला पाट उचलून भिंतीपाशी नेला आणि दाराकडे तोंड करून बसली. म्हाताऱ्या माणसांच्या जागा ठरलेल्या असतात.

५ डिसेंबर, गुरुवार

बीपी बरंच वाढलेलं. गोळ्या होत्या, पण घेत नव्हती. नखं कापली. पायाच्या भेगा गरम पाण्यात भिजवून घासल्या. पाय हातात घेतला तर तिनं ओढून घेतला. मी म्हटलं, "आजी, हे माझं कामच आहे." तेव्हा राहू दिला.

ती मला 'पोरी' म्हणते. माझं नाव तिला घेता येत नाही, कारण वरचे पुढचे दात नाहीत. बोलते तेव्हा पदर तोंडावर. विचारलं नाही, तिनंच सांगितलं, "खाचरावरून पडली होती." कवळीच्या अर्जात मी तसंच लिहिलं, बैलगाडीवरून पडली.

११ डिसेंबर, बुधवार

आज गल्लीतून नाटकवाल्यांचा रिक्षा गेला, भोंग्यावर आरडाओरडा करत. वडशात या दिवसांत दुसरं काय! कंपन्यांची बुकिंगं चालू आहेत, ट्रक भरून पडदे आणि लाइट गावोगाव निघालेत. बायनाबाई पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "आमच्या गावी शंकरपटाले नाटक येये. मी सांजेपासून पोतं टाकून जागा धरू. मांडीवर चिवड्याची पुडी. बुडा कुठी बसला ते पाहाचंच नाई."

शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि बुडा म्हणजे तिचा नवरा, लच्छू.

मी सांगितलं, माझे अब्बा नाटकांचे पडदे रंगवायचे. सादिक पेंटर. महाल, जंगल, रस्ता, तलाव. लहानपणी आमच्या अंगणात ते पडदे वाळत घातलेले असत आणि मी शाळेतून आल्यावर जंगलातून वाट काढत स्वयंपाकघरात जायची. अब्बा गेले त्याला अकरा वर्षं झाली. आता पडदे छापून येतात.

"तलावाचा पडदा?" ती म्हणाली. "निळा निळा? त्यात कमळं?"

"हो. अब्बांचा तलाव नेहमी तसाच असे."

"मंग त्याइनंच काढला असन. मी लच्छूले म्हणली होती, एवढं निळं पाणी आपल्या बोडीत कई पाह्यलं का गा तू? तं म्हणे, हे राजाच्या गावची बोडी हाय, तिथी म्हशी नाई बसत."

आणि हसली. हसताना पदर धरायचं विसरली. मीही इतकी हसले की पोळी जळाली. तो पडदा अब्बांचाच असेल असं नाही, निळे तलाव सगळेच काढत. पण दोघींनी तो अब्बांचाच धरला.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज दाताच्या डॉक्टरकडे नेलं. संस्था कवळी करून देते. बायनाबाई पंधरा दिवस 'नाई' म्हणत होती. काल मी पेरू कापून, कुस्करून दिले तर म्हणाली, "अशानं काय जांब खाते कोणी? जांबाले दात रोवा लागते." तेवढंच मी धरून बसले.

डॉक्टर तरुण आहेत. आत टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं. दातांची मुळं अजून हिरडीत आहेत, ती आधी काढावी लागतील. मग म्हणाले, "आजी, हे पडल्यामुळे तुटलेले वाटत नाहीत. कशानं तुटले?"

मी म्हणणार होते, खाचरावरून. तेवढ्यात तीच बोलली. खुर्चीवर आडवी, तोंड दिव्याकडे.

"दगडानं. एकानं डोकं धरलं, दुसऱ्यानं मारले. दात नसले तं मंतर बरोबर म्हणता येत नाई म्हणे."

डॉक्टरांनी टॉर्च बंद केला. मी बाहेर आले, नळावर तोंड धुतलं, पुन्हा आत गेले. ती तशीच आडवी होती. म्हणाली, "काऊन गेली? इथीच बस नं."

२८ डिसेंबर, शनिवार

मुळं काढली त्याची सूज उतरली. आता बोलते आहे. मी काही विचारत नाही, भाजी निवडत बसते, आणि ती बोलते.

ती सुईण होती. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला तिचं गाव. नाव घेत नाही, 'आमचं गाव' म्हणते. पंचवीस वर्षं गावातली सगळी लेकरं तिच्या हातावर आली. एकही बाळंतीण गेली नाही. हे तिनं दोनदा सांगितलं. पत्रू म्हणून एक होता, तो पायाकडून आला. लालसूच्या बायकोला भात रोवण्याच्या चिखलातच कळा लागल्या, तर बांधावर साड्यांचा आडोसा धरला आणि पोरगी झाली. तिचं नावच बांधाबाई पडलं.

मोहाच्या दिवसांत झाडाखाली झाडून ठेवायचं, पहाटे फुलं वेचायची. बोडीतले मासे, लच्छूचं जाळं. पाऊस गेल्यावर भाताला फुटणारा वास. सांगताना तिचे डोळे दाराकडे नसतात. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती दाराकडे पाठ करून बसलेली दिसली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आजी, त्यांनी एवढं केलं, तरी तुम्हाला तेच गाव आठवतं?"

"गाव वाईट नवतं वो," ती म्हणाली. "वाईट असतं तं आठवलं असतं का?"

२१ जानेवारी, मंगळवार

कवळी बसली!

आरसा दिला तर आधी पाहीना. मग एक डोळा मिटून पाहिलं, जसं उन्हात पाहतात. मग म्हणाली, "शा-जि-या." पुन्हा, "शाजिया." माझ्या सासरी मला कोणी नावानं हाक मारत नसे, आणि अम्मी 'शाजो' म्हणते. एवढं पूर्ण नाव फार दिवसांनी ऐकलं.

दवाखान्यातून येताना तिनं रस्त्यातच जांब मागितला. चावला, दुखलं, तरी पूर्ण खाल्ला. रस हनुवटीवरून पदरात. घरी आल्यावर बाळंतिणीच्या कानात म्हणायची ती गाणी म्हणून दाखवली. एकातल्या दोन ओळी लिहून ठेवते:

ये गा पाखरा, उतर खाली फांदीवरून,
माय बसली कवाची वटी पसरून.

म्हणाली, "दात नवते तं गाणं तोंडातून सांडून जाये. म्हणून म्हणनंच सोडलं."

आज वाटलं, या कामासाठीच मी नागपूरहून परत आले असेन.

२४ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस फार चांगला गेला.

रुखमाबाईची सून रिना आठ महिन्यांची गरोदर आहे. माहेर कोरपन्याकडे, आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच. नवरा मिथुन मिलमध्ये कामाला. आज रिना नळावर पाणी भरत होती आणि बायनाबाई जाळीतून पाहत होती. मला हळूच म्हणाली, "त्या पोरीचा चेहरा पाय. बोटातली मुंदी रुतून गेली. डोकं दुखते का इचार. दवाखान्यात नेऊन टाका म्हणा, आजच."

मी लगेच रुखमाबाईकडे गेले. रिना आत पडली होती, म्हणाली हो, डोकं तर चार दिवसांपासून दुखतं. रुखमाबाई म्हणाली, "मंगळवारी तारीख हाय तिची. सारखं सारखं कोण जाईन? अन् त्या बुडीले काय समजते?"

मला राग आला. म्हटलं, "काय समजते? पंचवीस वर्षं गावाचं बाळंतपण तिनं केलं. एक बाई दगावली नाही."

"मंग एवढी हुशार सुईण गाव सोडून इथी कायले येऊन राह्यली?"

आणि मी सांगितलं. सगळं. तापानं गेलेली लेकरं, गावानं तिच्यावर घेतलेला आळ, दगड, दात. एवढा मोठा अन्याय, आणि शेजारणीलाही माहीत नसावा? लोकांना कळलंच पाहिजे. सांगताना मला रडू आलं. रुखमाबाईचेही डोळे मोठे झाले. "बाप्पा!" म्हणाली. "आमाले काई ठाऊकच नाई." तिनं माझा हात धरला आणि मी निघाले तेव्हा आतून दार लावून घेतलं, थंडी होती म्हणून. मन हलकं झालं. आता बायनाबाईकडे गल्ली वेगळ्या नजरेनं पाहील.

३० जानेवारी, गुरुवार

थंडी वाढली आहे. नळावर बाया उभ्या नसतात, लेकरं दारापुढे खेळायला येत नाहीत. रुखमाबाई एक दिवसाआड ताक द्यायची, तेही आठवडाभर नाही. सून अवघडलेली, तिला वेळ होत नसेल. रिनाला दवाखान्यात नेलं का, विचारायला गेले तर दार बंद.

बायनाबाईनं कवळी काढून वाटीत ठेवली आहे. मी रागावले, "एवढी मेहनत करून केली, रोज घातली नाही तर बसणार कशी?" ती लुगड्यांच्या घड्या करून गाठोड्यात बांधत होती. म्हटलं, बरं झालं, कपाट आवरायलाच हवं होतं. पुन्हा दाराकडे तोंड करून बसते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

घडलं तसं लिहिते.

काल रिनाला झटके आले. गडचिरोलीला नेलं. बीपी फार वाढलं होतं. पोट कापून मुलगी काढली, दीड किलोची, पेटीत ठेवली आहे. रिना अजून शुद्धीवर नाही.

आज सकाळी बायनाबाईच्या दारात लिंबू, कुंकू, खिळे. गल्लीत सगळी दारं उघडी आणि दारात माणसं. मी लिंबू उचलायला वाकले तर मागून कोणीतरी म्हणालं, "हे पाहा, तिची चेली."

श्रीहरीभाऊ आले. माणूस वाईट नाही, माझ्याकडे न पाहता बोलत होते. "शाजिया, महिनाअखेर खोली खाली करून पायजे. मी मानत नाई असं काई. पण भाडेकरू ऐकत नाई. रुखमा म्हणते, बुडीनं जाळीतून पोरीकडे पाह्यलं, त्या दिसापासून झालं. तूच तं सांगतलं म्हणे तिले."

तूच तं सांगतलं.

गाठोडं कोपऱ्यात बांधून तयार होतं. ती कपाट आवरत नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज तिला सांगितलं. वाटलं होतं तिला माहीत नसेल. तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "आजी, मी रुखमाबाईला सांगितलं."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "ताक बंद झालं त्या दिसीच समजलं."

"मी तुमचं चांगलं व्हावं म्हणून..."

"ते बी ठाऊक हाय." मिलचा आवाज येत होता. मग म्हणाली, आणि आवाज चढवून नाही, "तेहतीस वर्षं मी ते पोटात ठेवलं. खाचरावरून पडली म्हणून सांगतलं. कोणाले सांगाचं, कई सांगाचं, सांगाचं का नाई, तेवढंच तं माह्या हातात राह्यलं होतं. बाकी सारं त्याइनं नेलं. तेवढंच तू नेलं, पोरी. मले इचारलं काऊन नाई?"

पुन्हा 'पोरी'.

गोळ्या आणि पाणी तिच्यापाशी ठेवलं आणि निघाले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माधवीताई आल्या. मी फोनवरच कबूल केलं होतं. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "तुझ्याबद्दल नंतर बोलू. आधी त्यांचं."

ताईंनी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, पोलिसांत तक्रार, कायदा आहे. दुसरी, गडचिरोलीत संस्थेची खोली रिकामी आहे, आजच गाडी आणली आहे.

बायनाबाईनं गाठोड्याकडे पाहिलं. मला वाटलं, उठेल. ती म्हणाली, "लच्छूनं मले खांद्यावर घेऊन धानोऱ्यापर्यंत आणलं होतं. तोंडातून रक्त. मी म्हणून राह्यली होती, खाली ठेव, मले गावातच मरू दे. त्यानं ऐकलं नाई. दोन वर्षांत तोच मरून गेला, गाव गाव करत. मंग मी पाच गावं बदलली. कुठी समजलं का, गाठोडं. कुठी समजाच्या आंधीच गाठोडं. आता मले खांद्यावर नेणारं कोणी नाई, अन् गाडीत मले उलटी होते. मी जात नाई."

"मग तक्रार करू," ताई म्हणाल्या.

"लिंबाची? राहू द्या. परवा इतवार हाय. सारे घरी असतात. मले नळावर खुर्ची टाकून द्या, एवढंच करा."

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला पाणी येतं. मी साडेसातला गेले. तिनं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली, वाटीतली कवळी धुऊन घातली. तिची घागर मी घेतली आणि माझा हात धरून ती नळापर्यंत चालली. तिथपर्यंत वीस पावलं असतील. पाच वर्षांत ती दिवसा कधी नळावर आली नव्हती, पहाटे अंधारात भरून घ्यायची.

बाया मागे सरकल्या. कोणी भांडी तशीच टाकून गेली. रुखमाबाई दारात उभी, मिथुन तिच्या मागे. तो कालच गडचिरोलीहून आला होता. रिना शुद्धीवर आली आहे. माधवीताई लांब गाडीपाशी थांबल्या, तसं बायनाबाईनंच सांगितलं होतं.

ती खुर्चीवर बसली. तोंडावर पदर नव्हता.

"मी बायना. लच्छूची बायको. तुमी जे ऐकलं ते खरं हाय, पण अर्धं हाय. बाकीचं माह्याकडून ऐका. ज्याले नाई ऐकाचं त्यानं पाणी भरून जावं, मी कोणाचं नाव लिहून नाई घेत.

"पंचवीस वर्षं मी लेकरं उतरवली. मंग एका भादव्यात ताप आला. तीन लेकरं गेली, एकाच महिन्यात. तीनई माह्या हातावर आली होती. त्याइच्या माया रडल्या, मी बी रडली. कोणीतरी म्हणलं, हिचे हात लागले ते मेले. जे जिते होते, ते कोणाच्या हातानं आले, हे कोणी इचारलं नाई. दगड ज्यानं उचलला त्याचं नाव मी घेत नाई. त्याचंच लेकरू गेलं होतं. तापाले तं मारता येत नाई नं. मंग त्याले कोणालेतरी माराचं होतं."

नळाला पाणी आलं. एक बादली भरून वाहायला लागली, कोणी नळ बंद केला नाही.

"त्याच्या त्या लेकराची नाळ मीच कापली होती. मले अजून त्याचा चेहरा आठवते. त्याच्या मायचा बी. मले सारेच आठवतात. मी त्याइले इसरली असती तं बरं झालं असतं.

"रुखमा, तुह्या सुनेकडे मी पाह्यलं. हाव, पाह्यलं. तिचा चेहरा सुजला होता म्हणून पाह्यलं. आमच्या गावात अशी एक बाई मी पाह्यली होती, ते बैलगाडीनं नेली म्हणून वाचली. मी तुह्या घरी निरोप धाडला. आता लेकरू जितं हाय, माय जिती हाय. देवा, तशीच राहो. मी इथून जात नाई. ज्याले भेव वाटते त्यानं दुरून जावं. पण दारात लिंबं नोको फेका बाप्पा. लिंबं महाग हाय. भाजीत पिळा."

कोणीतरी फसकन हसलं. सखाराम हमालाची म्हातारी आई होती, तिला ऐकूच कमी येतं, पण हे ऐकू आलं. मग आणखी एक-दोघी. रुखमाबाई हसली नाही. ती दार ओढून आत गेली. मिथुन मात्र तिथेच उभा राहिला. मग खाली मान घालून आला आणि वाहणारी बादली बाजूला केली, बायनाबाईची घागर नळाखाली लावली.

परत येताना तिचा हात थंडगार होता. खोलीत आल्यावर मी तिच्यावर दोन चादरी घातल्या. मग म्हणाली, "शाजिया, चहा टाक. साखर जास्त."

नावानं म्हणाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सगळं नीट झालं असं नाही. दोन घरांनी लेकरांना अजून आमच्या दाराकडे येऊ दिलेलं नाही. बीटचे हवालदार एकदा येऊन कायदा समजावून गेले, त्यानं माणसं गप्प झाली, बदलली का माहीत नाही. श्रीहरीभाऊ आज आले, दारातच उभे राहून म्हणाले, "राहा बाई. मी भाडेकरूइचं पाहीन." आत काही आले नाहीत.

माधवीताईंनी मला बोलावलं. माझ्या जागी दुसरी सोबतीण पाठवायचं ठरत होतं, आणि मला ते बरोबरच वाटलं. पण त्यांनी बायनाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "हिले एकदा चटका बसला, हे आता हात जपून ठेवन. नवीन कोणाले कोण शिकवत बसन?" एवढ्यावर माझी नोकरी राहिली.

१७ मार्च, सोमवार

रोजे चालू आहेत. दुपारी स्वयंपाकाच्या वासानं भूक चाळवते, बायनाबाईला ते कळतं, म्हणून ती मला पेज करायला लावते, भाजीला फोडणी नको म्हणते. मी म्हणते, माझ्यासाठी नको. ती म्हणते, माह्यासाठी.

आज अकराच्या सुमाराला दारात सावली पडली. रिना. पांढरी पडलेली, केस मागे बांधलेले, हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. दवाखान्यातून येऊन आठ दिवस झाले. आत येऊन सरळ खाली बसली. म्हणाली, "आजी, डॉक्टरनं तेल लावाले सांगतलं हलक्या हातानं. माह्याकडून होत नाई, हे इवलुशी हाय, भेव वाटते. माय नाई मले. सासूबाई तं त्या दिसापासून लेकरालेच हात लावत नाई, नुसत्या रडतात. म्हणतात, मी आयकलं असतं तं."

बायनाबाईनं बाळाकडे पाहिलं. खूप वेळ. मग स्वतःचे दोन्ही हात पुढे केले, आणि आम्ही तिघींनीही पाहिलं, हात थरथरत होते. तिनं ते पुन्हा मांडीवर ठेवले.

"माह्या हातात आता जोर नाई. शाजिया, तू घे. मी सांगते तशी कर."

मी उठून मागे सरकले. म्हणाले, "मी नको. माझे हात नको."

"काऊन?"

रिनासमोर सांगायचं नव्हतं. पण तोंडातून निघालं. सासरी नणंदेला मुलगा झाला तेव्हा मला तिच्या खोलीत जाऊ दिलं नव्हतं. मला मूल नव्हतं ना. बाळाची छठी झाली, चाळीस दिवस झाले, मी स्वयंपाकघरातच. एकदा ते रडत होतं आणि जवळ कोणी नव्हतं, म्हणून उचललं. त्या संध्याकाळी त्याला ताप आला. पुढच्या आठवड्यात मला वडशाच्या गाडीत बसवून दिलं. हे मी अम्मीलाही सांगितलेलं नाही. या वहीतही आज पहिल्यांदा लिहिते आहे.

रिनानं बाळ छातीशी धरलं. मला वाटलं, आता उठून जाईल. ती सरकली ती माझ्याकडे.

बायनाबाईनं तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली. माधवीताई बोलल्या असत्या असं काही बोलली नाही. म्हणाली, "बस खाली. पाय लांब कर. सलवार वर घे, तेल लागन."

मी बसले. रिनानं मुलीला माझ्या पायांवर आडवं ठेवलं. एवढंसं वजन, मांजराच्या पिलाइतकं. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या. बायनाबाई सांगत गेली. आधी तेल आपल्या हातावर चोळ, गरम होऊ दे. आता छाती, मधून बाहेर, फूल उघडते तशी. पोटावर जोर नाई द्याचा. पाय, मांडीपासून खाली. बोटं एक एक. आणि मधेच तिनं ते फांदीवरच्या पाखराचं गाणं सुरू केलं.

मी पाठ चोळायला मुलीला उलटं करायला गेले, तेवढ्यात समोरच्या दारातून मोठ्यानं आवाज आला, "मान धर वो तिची! मान!"

रुखमाबाई. सूप मांडीवर घेऊन दारात बसली होती, कधीपासून कोण जाणे.

"मले शिकवू नोको," बायनाबाई तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "मी तेच सांगून राह्यली. लई येते तं इथी येऊन सांग!"

रुखमाबाई आली नाही. पण सूप खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर सरकून बसली, नीट दिसावं म्हणून.

मुलीनं डोळे उघडले आणि माझ्या सलवारीवर शू केली. रिना हसली. गडचिरोलीहून आल्यावर पहिल्यांदाच असेल. मी मुलीला उचललं, मान धरून, आणि खांद्याशी घेतलं. ती तिथेच झोपली. रिना "द्या" म्हणाली तेव्हा मी थोडा वेळ ऐकू न आल्यासारखं केलं.

संध्याकाळी रोजा सोडायला बसलो. अम्मीनं खजूर माझ्या हातावर ठेवला आणि हात तसाच धरून वास घेतला. "शाजो, यह किस का तेल है?"

"बच्ची का," मी म्हटलं. मग तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं, नागपूरपासून.